संत्र्याच्या सालीचं फिनाईल, चौदा महिने वापरून झाल्यावर

आधी नावाचं सांगून टाकते. नाव लिहिणार नाही. हे बनवणारी दोन पोरं (एक पोरगा, एक पोरगी) नवी आहेत, माझ्या तक्रारी भरपूर आहेत, आणि ज्यांच्या घरी निळ्या झाकणाचा, गळ्यात चिठ्ठी बांधलेला दोन लिटरचा कॅन येतो त्यांना नाव सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी आपल्या कामवाल्या बाईला विचारावं. नागपूरच्या त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, जयताळा रोड या पट्ट्यात तुमच्यापेक्षा तिला माहीत असण्याची शक्यता जास्त. का, ते पुढे येईल.

माझी ओळख एवढीच की मी बँकेतून निवृत्त झाले. शेवटची अकरा वर्षं कर्जाच्या टेबलावर गेली. त्यामुळे कुणी फिनाईल विकायला आलं तरी मी आधी बाटली बघत नाही, ताळेबंद बघते. घरच्यांना हे आवडत नाही. इथेही मी तेच करणार आहे. नुसती फरशी कशी निघते एवढंच वाचायचं असेल तर पुढचे दोन-तीन परिच्छेद वाचून थांबलात तरी चालेल.

फिनाईल म्हणते ते सवयीने. हे फिनाईल नाही. संत्र्या-मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी पिंपात बंद करून तीन महिने आंबवलेलं पाणी आहे. प्रमाण घरोघरी सांगतात तेच, १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. सालीत जे तेल असतं त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, आणि आंबताना आम्लं तयार होतात, त्यात व्हिनेगरमधलंही आलं. बाटलीतल्या 'लेमन' फिनाईलसारखा भपकन वास येत नाही. लोणच्याची बरणी पावसाळ्यात उघडली की येतो तसा येतो, आंबट, जरा गोडसर. माझ्या मिस्टरांना पहिले आठ दिवस वाटत होतं की फ्रिजमध्ये काहीतरी खराब झालंय.

शेगडीच्या कडेला फोडणीचा जो चिकट पिवळा थर बसतो, त्यावर अर्धं झाकण थेट ओतायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि जुन्या सुती धडप्याने पुसायचं. थर खरंच निघतो, घासावं लागत नाही. कोट्याच्या फरशीला अर्ध्या बादलीत एक झाकण पुरतं. फरशी चकाकत नाही, पण पायाला स्वच्छ लागते. ओट्यावरचे चहाचे डाग निघतात. बाथरूममध्ये बोअरच्या पाण्याचे पांढरे थर मात्र ताजे असले तरच निघतात. आमच्याकडे बारा वर्षांचे आहेत, ते या पाण्याला दाद देत नाहीत. आणि हे जंतुनाशक नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्यांच्या पहिल्या पत्रकावर '९९ टक्के जंतू नष्ट' असं छापलेलं होतं. कुठे तपासलं, असं विचारलं तर पोराने मान खाली घातली. पुढच्या पत्रकातून ती ओळ गेली. घरात कुणी आजारी असेल, नाली तुंबली असेल, तर ब्लिचिंग पावडरच वापरा. मीही तेच वापरते.

आता देव्हारा.

आमच्या देव्हाऱ्याखाली संगमरवराची लादी आहे, सासूबाईंच्या वेळची. मागच्या दिवाळीच्या आधी मी तीही याच पाण्याने पुसली. एकदा नाही, आठवडाभर रोज. लादीची चकाकी गेली. हात फिरवला की खडूवर फिरवल्यासारखं लागतं. चूक निम्मी माझी. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, त्यावर आम्ल घालू नये हे शाळेत शिकलेलं. पण निम्मी त्यांची, कारण चिठ्ठीवर 'सर्व प्रकारच्या फरशीसाठी' असं छापलेलं होतं. मी फोटो पाठवला. तासाभरात पोरगी स्वतः आली, लादीपुढे मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काकू, हे आमच्याकडून झालं." आता चिठ्ठीवर 'संगमरवरावर वापरू नका' असं ठळक आहे. पॉलिशवाला ६५० रुपये मागतो. त्यातले अर्धे देते म्हणाली. अजून दिलेले नाहीत.

दुसरा अपघात मेमधला. नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. पंचेचाळीसच्या घरात पारा, दुपारी दोनला सगळी वस्ती आडवी. स्वयंपाकघरात बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. जाऊन बघते तर कॅनचं झाकण छताच्या पंख्याला लागून धान्याच्या डब्यांमागे पडलेलं, आणि भिंतीवर तपकिरी शिंतोडे. ओला माल होता. नीट मुरला नव्हता, आत अजून वायू होत होता आणि मी झाकण घट्ट पिळून ठेवलेलं. संध्याकाळी आमच्या ताई आल्या. भिंतीकडे बघून आधी पाच मिनिटं हसल्या, मग म्हणाल्या, "झाकण ढिल्लं ठेवा म्हनलं होतं नं तुमाले, काकू. तुमी ऐकता कुटं?"

ताई म्हणजे आमच्याकडे धुणं-भांडी, फरशी करणाऱ्या. हा कॅन आमच्या घरी आणला तो त्यांनीच.

इथपासून माझं टेबल सुरू होतं. पोरगा आणि पोरगी दोघं इंजिनीअरिंगचे, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून यात पडले. सुरुवातीला त्यांनी सगळे करतात तेच केलं. धरमपेठेत प्रदर्शनात टेबल मांडलं, छान बाटल्या, छान लेबल. मॅडम लोक यायच्या, वास घ्यायच्या, 'सो ऑरगॅनिक' म्हणायच्या, एक बाटली न्यायच्या आणि परत यायच्या नाहीत. का येत नाहीत ते कळेना. मग पोरगी चार घरी जाऊन बसली, तेव्हा तिला दिसलं की बाटली मॅडमनी आणली होती, पण फरशी पुसणारी बाई ती वापरतच नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं, किती टाकायचं ते सांगितलंही नव्हतं. बाटली सिंकखाली तशीच.

आमच्या ताईंनीच मला एकदा ऐकवलं होतं, "फरशी पुसतो आमी, अन् फिनाईल आनता तुमी." त्यांच्या बोटांच्या पेरांची कातडी दर हिवाळ्यात सोलायची. मी त्यांना हातमोजे आणून दिले होते आणि माझं काम झालं असं समजले होते. फिनाईल बदलावं हे काही मला सुचलं नव्हतं.

त्या पोरांनी मग उलटा रस्ता धरला. मॅडमना विकणं बंद. जयताळ्याच्या पुढच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या बायकांना एकेक छोटी बाटली दिली आणि म्हटलं, महिनाभर तुमच्या कामाच्या घरी वापरा आणि हातांचं काय होतं ते सांगा. ज्यांना पटलं त्यांनीच पुढे घरमालकिणींना सांगितलं. आज जवळजवळ सगळी विक्री याच बायकांमार्फत होते. कॅनमागे त्यांना २० रुपये मिळतात. जाहिरातीचा खर्च शून्य, आणि गिऱ्हाईक सुटत नाही, कारण शिफारस करणारी बाई रोज सकाळी साडेआठला तुमच्या दारात उभी असते. माझ्या टेबलावर अशी फाईल आली असती तर 'विपणन व्यवस्था' या रकान्यात मी फुली मारली असती. दुकान नाही, डीलर नाही, करार नाही. फुली.

गंमत जागेच्या हिशोबात आहे. मला तरी तिथेच मजा आली.

माल मुरायला तीन महिने लागतात. म्हणजे महिन्याला १,००० लिटर विकायचं असेल तर ३,००० लिटर कायम कुठेतरी उभं पाहिजे. पन्नास लिटरच्या पिंपात वायूसाठी जागा सोडून चाळीस लिटर भरायचे. धरा पंचाहत्तर पिंपं. त्यांना सावली पाहिजे, आणि पहिला महिना रोज कुणीतरी झाकण उघडून वायू सोडला पाहिजे. हिंगणा एमआयडीसीत शेड भाड्याने घ्या, चौकीदार ठेवा, दोन माणसं ठेवा, धंदा पहिल्याच वर्षी बसला. कॉलेजच्या पोरांना तारण काय, तर वडिलांचा फ्लॅट. मी तो मागितलाच असता.

त्यांनी शेड घेतलीच नाही. पिंपं बायकांच्या अंगणात ठेवली. ३८ घरं, प्रत्येकी दोन. जिच्या अंगणात पिंप, तिनेच ते भरायचं, हलवायचं, वायू सोडायचा. माल पास झाला की लिटरमागे १५ रुपये. भाडं नाही, चौकीदार नाही, हजेरी नाही. लग्न असो, पोळा असो, मारबत बघायला इतवारीत जायचं असो, झाकण उघडायला दोन मिनिटं लागतात आणि घरात सासू असतेच.

ही काही जगावेगळी युक्ती नाही. गिरगावातल्या ७ बायकांनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्या लिज्जतमध्येही पीठ केंद्रावर मळतात आणि लाटतात घरोघरी. आम्हाला बँकेच्या प्रशिक्षणात बचत गट शिकवताना हे उदाहरण असायचंच. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांना बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, त्याच्या गोष्टीही असायच्या. आम्ही वह्यांत लिहून घ्यायचो, आणि परत येऊन तारणच मागायचो.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. गांधीसागराच्या काठाची ती मिल, आता तिथे मॉल आहे. आजोबा सांगायचे, ती जागा म्हणजे जुम्मा तलावाजवळची, म्हणजे याच गांधीसागराजवळची, दलदल होती. जमशेटजी टाटा भर टाकून तिथे मिल बांधायला निघाले तेव्हा इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणाला. मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि मग त्याच सावकाराला कबूल करावं लागलं की त्याने माती घातली आणि सोनं काढलं. बँकेत असताना ही गोष्ट मी निरोपसमारंभांत दोनदा सांगितली आहे आणि दोन्ही वेळा सावकाराच्या बाजूने हसले आहे. पण आजोबांची आवडती गोष्ट वेगळी होती. सुरुवातीला कामगार टिकायचेच नाहीत, वाटेल तेव्हा गैरहजर राहायचे. मालकाने दंड वाढवला नाही. १८८६ मध्ये पेन्शनचा फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्याने सांगितलं नव्हतं तेव्हा. आजोबा म्हणायचे, ते काही धर्मादाय नव्हतं, माग चालले पाहिजेत म्हणून केलं होतं.

सालींचंही ऐका. संत्र्याचे दोन बहार, आंबिया दिवाळीच्या आगेमागे, मृग फेब्रुवारी-मार्चकडे. तेव्हा साली कितीही. बाकी वर्षभर मोसंबी, तीही लॉ कॉलेज चौकातल्या, बर्डीवरच्या ज्यूसच्या गाड्यांवर. पहिले सहा महिने साली फुकट मिळाल्या. मग गाडीवाले म्हणायला लागले, भाऊ, किलोला काहीतरी द्या. पोरांनी पैसे दिले नाहीत. त्यांनी सांगितलं की साली आम्ही नेऊच, पण चोथा, सडकी फळं, पेले, असा गाडीवरचा सगळा कचरा रात्री साडेदहाच्या आत उचलू. गाडीवाल्याचं रोजचं दुखणं तेच होतं. कचरा मागे टाकला तर दंड, पुढे ठेवला तर माशा. तेव्हापासून कुणी दर काढलेला नाही. एक गाडीवाला तर साली वेगळ्या पोत्यात भरून ठेवतो. म्हणजे साली फुकट नाहीत, त्यांची किंमत ही पोरं ई-रिक्षाच्या फेऱ्यांत भरतात. फक्त ती किंमत त्यांना परवडते आणि गाडीवाल्याला ती पैशापेक्षा जास्त वाटते.

इतकं कौतुक केल्यावर आता जिथे मला राग आला ते.

पहिल्या वर्षीच्या लेबलवर एका बाईचा फोटो होता. पदर डोक्यावर, नजर खाली, मागे पत्र्याची भिंत. खाली लिहिलेलं, 'तुमच्या एका कॅनमुळे एका महिलेचं घर चालतं.' मी बोटं मोजली. दोन पिंपं म्हणजे ८० लिटर, लिटरला १५ रुपये म्हणजे १,२०० रुपये, तेही तीन महिन्यांनी. महिन्याला ४०० पडतात. यात कुणाचं घर चालतं? रिचार्ज होतो, मुलाची वही-पेन होते, गॅसच्या टाकीला हातभार लागतो. वाईट नाही, अंगणातल्या दोन पिंपांसाठी ठीकच आहे. पण घर चालत नाही. कर्जाच्या अर्जात कुणी असं लिहिलं असतं तर मी त्याला खोटं विवरण म्हटलं असतं.

आणि फोटोतल्या बाईंना हे माहीतच नव्हतं. म्हणजे फोटो काढला होता, हो म्हटलं होतं, पण तो कशावर छापणार ते कळलं नव्हतं. त्या ज्या घरी भांडी घासतात त्याच घराच्या सिंकखाली त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. मी वस्तीत गेले होते तेव्हा त्या माझ्यासमोर पोराला म्हणाल्या, "मले काय भीक मागाले बसवलं का रे तुमी डब्यावर? माहा माल चांगला आहे का नाही ते लिवा." पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने 'स्टोरीटेलिंग' वगैरे काहीतरी सुरू केलं होतं, ते तिथेच थांबलं. लिज्जतच्या बायका देणगी घेत नाहीत हे मी त्याला तेव्हा सांगितलं. दयेने घेतलेला कॅन एकदाच घेतात लोक, हेही. प्रदर्शनातल्या मॅडमनी तेच केलं होतं.

दुसरा राग पैशांचा, आणि तो मोठा.

मागच्या उन्हाळ्यात एका मंगल कार्यालयाने लग्नसराईसाठी भरपूर माल घेतला. ४२,००० रुपयांचं बिल. पोरं हवेत. कार्यालयाने पैसे दिले नाहीत. जून गेला, जुलै गेला, मालक फोन उचलेना. मग पोरांनी बायकांचं पेमेंट थांबवलं. बायका थांबल्याही. आपलीच पोरं आहेत, कुठे जातात, असं म्हणत थांबल्या. एका कार्यक्रमात या पोरीने हेच 'आमच्या कम्युनिटीचा विश्वास' म्हणून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. महिन्याला ४०० रुपये मिळवणाऱ्या ३८ बायकांकडून तुम्ही बिनव्याजी खेळतं भांडवल काढता आहात, आणि त्याला विश्वास म्हणता. माझ्या टेबलावर याला थकबाकी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी तिला घरी बोलावलं, पोहे केले आणि बोलले. लहान धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी होती त्यांची, पण २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर चढं व्याज लागतं, हे माहीत नव्हतं. स्पर्धांच्या ट्रॉफ्या सहा, पण एवढं कुणी सांगितलं नव्हतं. नोटिशीचा मसुदा मी करून दिला. हात शिवशिवत होतेच. पैसे दोन हप्त्यांत आले, शेवटचा दसऱ्याला. त्यानंतर त्यांनी एक नियम केला तो मला आवडला. दर शनिवारी आधी पिंपवाल्या बायकांचे पैसे, मग गूळवाल्याचे, मग पेट्रोल, आणि उरलं तर या दोघांचे. दोन शनिवार या दोघांना काही उरलं नाही असं ऐकते. ते त्यांनी कुठल्याही पोस्टमध्ये टाकलेलं नाही, म्हणून खरं असावं.

याच काळातला तिसरा घोटाळा. पैसे अडकलेले, म्हणून गणपती-नवरात्रात जास्त विकायची घाई. नव्वद दिवसांचा माल पंचावन्न दिवसांत काढला. सप्टेंबरचा कॅन आला, पाणी गढूळ, वास गुळाचा. फरशी पुसली की पाय चिकटायचे, आणि दुपारपर्यंत दिवाणखान्यात मुंग्यांची वरात. साहजिक आहे, गूळ पुरता आंबलेलाच नव्हता. मी चार घरी विचारलं, चारही घरी मुंग्या. ताई तर रडकुंडीला आल्या. सात घरच्या मालकिणी त्यांनाच बोलत होत्या ना. त्या महिन्यात वीस-बावीस घरं सुटली.

वस्तीत चौकशी केली तर कळलं, पिंपवाल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी मला दाखवलं. पिकलेल्या पिंपात साली खाली बसतात, वरचं पाणी निवळून चहासारखं होतं, बुडबुडे थांबतात. आंबटपणा मोजायची पीएचची पट्टी बुडवली की रंग चारच्या खालचा दाखवते. कच्च्या पिंपात साली वरच तरंगतात. "साली वर हायेत, नका काढू म्हनलं मी. पण गाडी आली अन् भरून घेऊन गेले." बोलताना त्या पिंपावर हात ठेवून होत्या, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

यावर उपाय काय, तर इंजिनीअर पोराने आधी सेन्सरचा विचार केला. पिंपाला सेन्सर, फोनवर आकडे, ॲप. ॲप मध्यंतरी आलंही होतं. माझ्या फोनवर दोनदा उघडलं आणि तिसऱ्यांदा फोनच बंद पडला. व्हॉट्सॲपवर 'एक कॅन' लिहिलं की कॅन येत होता, ते मोडून ॲप कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. सेन्सरचा खर्च काढला तेव्हा पिंपापेक्षा सेन्सर महाग निघाला. मग पोरीने साधं केलं. बाईने सही केल्याशिवाय पिंप हलणार नाही. गाडी रिकामी परत गेली तरी चालेल. दिवाळीत एकदा खरंच गेली, आणि माझ्यासह बऱ्याच जणींना आठवडाभर कॅन मिळाला नाही. मी तेव्हा रागावून फोन केला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोरगी म्हणाली, "काकू, पिंप पास नाही झालं." मी गप्प बसले.

त्या फोटोच्या जागी आता कॅनच्या गळ्यात जाड कागदाची चिठ्ठी असते. पिंपाचा नंबर, भरल्याची तारीख, काढल्याची तारीख आणि बाईची सही. माझ्या हातात आता आहे त्यावर पिंप क्रमांक ३१, मधले दिवस ९६, आणि सही अशी की अक्षर प्रत्येक ठिकाणी थांबून, दम खाऊन पुढे गेलंय. डिसेंबरपासून मुंगी आलेली नाही. सुटलेल्या घरांपैकी निम्मी परत आली म्हणे.

किमतीबद्दल. दोन लिटरला १६० रुपये, कॅनचे ४० अनामत, कॅन परत दिला की पुढच्यात धरतात. दारावर सायकलवर येणाऱ्या फिनाईलपेक्षा महाग आहे. आमच्या दोन बेडरूमच्या घराला कॅन सव्वा महिना जातो, कारण झाकणानेच घ्यायचं असतं. ज्यांच्याकडे बाई बादलीत अंदाजाने ओतते त्यांना पंधरा दिवसही पुरणार नाही. ताईंना आधी समजावून घ्या, किंवा त्या तुम्हाला समजावतील.

कर्ज. त्यांनी लहान धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्जाचा अर्ज केलाय, 'किशोर' म्हणजे मधल्या रकमेच्या गटातला, दुसऱ्या ई-रिक्षासाठी आणि पन्नास पिंपांसाठी. माझ्या जुन्या शाखेतच. तिथला नवा अधिकारी माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने फोन केला, "मॅडम, यांचं गोडाऊन कुठंय? व्हिजिट कुठं करू?" मी म्हटलं, सकाळी लवकर ये, आठच्या आत, नंतर बायका कामाला जातात. अडतीस अंगणं आहेत. त्याला वाटलं मी थट्टा करून राहिले. मंगळवारी येतोय. चांगली चप्पल घालून ये म्हटलंय, वस्तीतला रस्ता अजून झालेला नाही.

मी पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कापला तो मुंग्यांचा, एक देव्हाऱ्याचा. तो ३२५ रुपये आल्यावर परत देईन. पुढचा कॅन शनिवारी येईल. लादी मी तोवर नुसत्या पाण्यानेच पुसते आहे.